घरी केलेलं ॲडव्हेंट कॅलेंडर भरायचं कसं: आधी तक्ता, मग माप, शेवटी खरेदी

ॲडव्हेंट कॅलेंडर म्हणजे नाताळाची वाट पाहताना १ ते २४ डिसेंबर रोज एक कप्पा उघडायचं चोवीस कप्प्यांचं कॅलेंडर. ते शिवताना किंवा चिकटवताना फारसं कोणी चुकत नाही. गडबड होते ती भरताना. नोव्हेंबरच्या शेवटी चोवीस छोट्या वस्तू एकदम आणल्या जातात. त्यातल्या पाच-सहा कप्प्यात मावत नाहीत, दोन-तीन मुलाच्या वयाला धोक्याच्या निघतात आणि उरलेल्या हाताला लागतील तशा कोंबल्या जातात. मग ३ तारखेला रंगवायचं चित्र निघतं आणि तेलखडू निघतात १७ तारखेला. ‘आज आपण मिळून काहीतरी बनवूया’ ही चिठ्ठी नेमकी अशा संध्याकाळी येते, जेव्हा घरात कोणाला मान वर करायला फुरसत नसते.

या सगळ्याचं मूळ एकच: खरेदी आधी होते आणि विचार नंतर. खाली दिलेला क्रम बरोबर उलटा आहे. कॅलेंडर तयार आहे, फक्त भरायचं आहे आणि मूल साधारण २ ते ६ वर्षांचं आहे, असं इथे धरलं आहे. नोव्हेंबरच्या मध्याला सुरुवात केली तर दोन-तीन निवांत संध्याकाळी पुरतात.

## हाताशी काय हवं

- मोजपट्टी, शिवणकामाची असेल तर उत्तम
- स्वयंपाकघरातला वजनकाटा
- टॉयलेट रोलची रिकामी पुठ्ठ्याची नळी
- १ ते २४ आकडे घातलेल्या कागदाच्या चोवीस चिठ्ठ्या
- आकडे लिहायला छोटे गोल स्टिकर
- टिश्यू पेपर आणि छोट्या झिपच्या पिशव्या
- आरपार दिसणार नाही अशा चार मोठ्या पिशव्या, एकेका आठवड्यासाठी एक

## टप्पा १: तारखांचा तक्ता करा

एका कागदावर चोवीस ओळी आखा. प्रत्येक ओळीत तारीख, वार, त्या दिवशी घरात काय आहे, कप्प्यात काय जाणार आणि ‘सोबत लागणारं सामान’ असे रकाने पाडा. शेवटचा रकाना बहुतेक जण गाळतात आणि पुढे ‘मिळून काहीतरी करूया’ अशा चिठ्ठ्यांच्या दिवशी तोच नडतो.

आधी फक्त वार भरा. १ ते २४ डिसेंबर म्हणजे तीन पूर्ण आठवडे आणि वर तीन दिवस, त्यामुळे या काळात शनिवार-रविवार मिळून ६ ते ८ दिवस येतात. २०२६ मध्ये १ डिसेंबर मंगळवारी आहे, म्हणजे ५-६, १२-१३ आणि १९-२० असे सहाच दिवस. वेळ खाणाऱ्या गोष्टींसाठी हाताशी एवढेच दिवस आहेत हे आधीच दिसलं, की पुढचं नियोजन आपोआप जमिनीवर येतं.

मग घरचे कार्यक्रम लिहा: शाळेचा कार्यक्रम, प्रवास, पाहुणे, डॉक्टरची भेट, आई किंवा बाबा उशिरा येणार असतील ते दिवस. अशा दिवसांपुढे एक ठळक फुली मारा. फुलीच्या दिवशी कप्प्यातून निघालेली गोष्ट मुलाला एकट्याने, मोठ्यांच्या मदतीशिवाय वापरता आली पाहिजे.

काही घरांत चर्चच्या आगमनकाळाप्रमाणे, म्हणजे नाताळाआधीच्या चौथ्या रविवारपासून मोजतात. तो रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर या दरम्यान कधीही येतो, त्यामुळे दिवस २२ ते २८ असे कितीही होऊ शकतात. २०२६ मध्ये तो २९ नोव्हेंबरला आहे, म्हणजे २६ दिवस. तुमच्याकडे तसं असेल तर कप्पे आधी मोजून घ्या.

## टप्पा २: कप्पा आतून मोजा

बाहेरून दिसणारं माप फसवं असतं. पाठीमागच्या कापडावर सपाट शिवलेला ९ सेंमी रुंदीचा खिसा ९ सेंमी रुंद वस्तू घेत नाही, कारण वस्तूला जाडी असते. सपाट खिशासाठी साधा हिशेब असा: वस्तूची रुंदी अधिक जाडी ही खिशाच्या आतल्या रुंदीपेक्षा किमान १ सेंमीने कमी हवी. ६ सेंमी रुंद आणि ४ सेंमी जाड डबी ९ सेंमीच्या खिशात जाणार नाही, कारण बेरीज १० होते. ३ सेंमी रुंद आणि अडीच सेंमी उंच छोटी मोटार उभी घातली तर बेरीज साडेपाच. ती सहज जाते. जोर लावून घातलेली वस्तू शिवण उसवते, आणि मुलाला ती काढता येत नाही हा त्याहून मोठा वैताग.

उंचीत वस्तूच्या वर दीड सेंमी मोकळी जागा सोडा. तोंड उघडं असलेल्या खिशातून वस्तू डोकावली तर मूल दुसऱ्या दिवशीच सगळं ओळखतं.

कप्प्याच्या प्रकाराप्रमाणे थोडा फरक पडतो:

- काडेपेट्यांचं कॅलेंडर: आतली जागा साधारण ५ × ३.५ सेंमी आणि जाडी जेमतेम एक सेंमी. यात स्टिकर, घडी केलेली चिठ्ठी, कागदी आकृत्या एवढंच जातं. खेळणी शोधत बसू नका.
- कागदी पिशव्या किंवा पाकिटं: जागा भरपूर, पण वजन पेलत नाही. चिमट्याने दोरीला लटकवायची असतील तर एका पिशवीत ५० ग्रॅमच्या वर जाऊ नका.
- पुठ्ठ्याच्या नळ्या: लांब आणि गोल वस्तूंना छान. चपट्या कागदांची गुंडाळी करून घाला, घडी घालू नका. स्टिकरच्या पानाला घडी पडली की स्टिकर मधोमध फाटतात.
- ड्रॉवरची पेटी: सगळ्यात सोयीची. फक्त वस्तू आडवी होऊन ड्रॉवर अडकत नाही ना, ते उघडून-मिटून पाहा.

सगळ्यात लहान कप्प्याचं माप पुठ्ठ्यावर कापून घ्या आणि खरेदीला जाताना तो तुकडा पाकिटात ठेवा. दुकानात डोळ्यांच्या अंदाजावर भरवसा ठेवू नये.

तपासा: सगळ्या कप्प्यांत मिळून किती वजन जाणार? सरासरी ५० ग्रॅम धरलं तरी चोवीस कप्प्यांचे १,२०० ग्रॅम होतात आणि कॅलेंडरचं स्वतःचं वजन वेगळं. चिकटवायचा हूक असेल तर त्याच्या पाकिटावर लिहिलेली मर्यादा पाहा, आणि चिकटवल्यावर जेवढा वेळ थांबायला सांगितलं आहे तेवढा थांबा. हूक बहुधा वजनाने पडत नाहीत, घाईने पडतात.

## टप्पा ३: वयाची चाळणी

खरेदीच्या यादीला हात घालण्याआधी कोणत्या वस्तू येणारच नाहीत ते ठरवा. छोट्या कप्प्यांसाठी छोट्या वस्तू शोधल्या जातात, आणि छोटी वस्तूच घशात अडकते. त्यामुळे हा टप्पा गाळायचा नाही.

३ वर्षांखालच्या मुलांसाठी खेळण्यांची चाचणी ३.१७ सेंमी व्यासाच्या नळकांड्यात करतात. जी वस्तू त्यात पूर्ण मावते ती या वयाला चालत नाही. घरी टॉयलेट रोलची नळी वापरा. ती थोडी रुंद असते, म्हणजे चूक झालीच तर सुरक्षित बाजूला होते. वस्तू नळीत पूर्ण शिरली की यादीतून बाहेर. मूल ५ वर्षांचं असलं तरी घरात धाकटं भावंडं असेल, तर चाचणी धाकट्याच्या वयाने करा. थोरल्याच्या कप्प्यातला मणी संध्याकाळपर्यंत जमिनीवर येतोच.

वय कितीही असो, या वस्तू लहान मुलाच्या कॅलेंडरमध्ये नकोत:

- बटण सेल सहज निघतो अशा वस्तू. चमकणाऱ्या अंगठ्या, गाणारी भेटकार्डं, छोट्या इलेक्ट्रिक मेणबत्त्या यांत हे सेल असतात. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांच्या आत गंभीर भाजल्यासारखी इजा होऊ शकते. सेलचं झाकण स्क्रूने बंद नसेल तर वस्तू घेऊच नका. मुलाने सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवत बसू नका, थेट रुग्णालय गाठा.
- छोटे शक्तिशाली चुंबक. दोन गिळले गेले तर आतड्याच्या पडद्यांच्या दोन बाजूंनी ते एकमेकांना ओढून धरतात आणि आतड्याला भोक पडू शकतं.
- पाण्यात फुगणारे जेलचे मणी. पोटात गेल्यावरही ते फुगतात.
- न फुगवलेले रबरी फुगे. अगदी चपटे, अगदी स्वस्त, म्हणून हमखास कॅलेंडरमध्ये शिरतात. फुगा किंवा फुटलेल्या फुग्याचा तुकडा श्वासनलिकेवर चिकटून बसतो.

खाऊतही हीच नजर ठेवा. ५ वर्षांखाली अख्खे दाणे किंवा बदाम, कडक गोळ्या, पॉपकॉर्न, मार्शमॅलो नकोत. कप्प्यातला खाऊ मूल बसून खात नाही, हातात घेऊन पळत सुटतं.

इशारा: कॅलेंडरची दोरी आणि फितीही मोजा. ३ वर्षांखालच्या मुलाच्या हाताला लागणारी मोकळी दोरी २२ सेंमीपेक्षा लांब नको. लांब दोरीवर पिशव्या टांगणार असाल तर ती मुलाच्या हाताच्या वर बांधा आणि रोजची पिशवी तुम्हीच खाली काढून द्या. पाळण्याजवळ किंवा मुलाच्या पलंगाच्या डोक्याशी कॅलेंडर कधीच टांगू नका.

## टप्पा ४: चोवीस दिवसांची वाटणी

चोवीस वेगवेगळ्या वस्तू आणायची कल्पनाच सोडून द्या. त्याने घर प्लॅस्टिकने भरतं आणि दहाव्या दिवसानंतर मुलालाही त्यात राम वाटत नाही. एक वाटणी बहुतेक घरांना जमते:

- एकाच संचाचे भाग: ८ दिवस
- चिठ्ठ्या, म्हणजे एकत्र करायची गोष्ट: ८ दिवस
- सुट्या छोट्या वस्तू: ५ दिवस
- खाऊ: ३ दिवस

मूल ३ वर्षांखालचं असेल तर चिठ्ठ्या ३-४ वर आणा आणि उरलेले दिवस संचाच्या भागांना द्या. एवढ्या लहान मुलाला कागद निघाला म्हणजे काहीच निघालं नाही असं वाटतं. चिठ्ठी ठेवायचीच असेल तर तिच्यासोबत धरायला काहीतरी हवं.

सुट्या वस्तूंमध्ये काय घ्यायचं? बोटात घालायची बाहुली, कागदी मुखवटा, हातावर उमटवायचा शिक्का, छोटी मोटार, नव्या रंगाचे मोजे (गुंडाळून घातले तर मोठ्या खिशात मावतात), साबणाच्या फुग्यांची छोटी बाटली, कुकी कापायचा साचा. खेळायच्या मातीची डबी घेत असाल तर सीलबंद घ्या, अर्धवट मिटलेली डबी दहा दिवसांत दगड होते.

या सगळ्यांना एकच प्रश्न लावा: आज निघालेली वस्तू आजच खेळता येईल का? रंगीत पेन्सिलींचा संच फोडून रोज एक पेन्सिल ठेवणं ही फार आढळणारी चूक आहे. एकट्या तपकिरी पेन्सिलीचं मूल काय करणार? पूर्ण पाकीट एकाच दिवशी द्या, नाहीतर देऊ नका.

## टप्पा ५: संच फोडायचा कसा

हा टप्पा नीट केला तर अर्धं कॅलेंडर स्वतःच्या जोरावर चालतं, कारण मुलाला उद्याचा तुकडा हवा असतो.

प्राणी किंवा छोट्या आकृत्या. सगळ्यात सोपं. आठ प्राण्यांचा संच आठ दिवसांत वाटा. पहिल्या दोन आकृत्या लागोपाठ दिवशी द्या, म्हणजे खेळ लगेच सुरू होतो. त्यानंतर अंतर वाढवलं तरी चालतं.

येशूजन्माचा देखावा. यात क्रमालाच अर्थ आहे. रिकामा गोठा पहिल्या दिवशी हवा, नाहीतर पुढे येणारी प्रत्येक आकृती कुठे ठेवायची हा प्रश्न पडतो. गोठा कप्प्यात मावत नसेल तर कॅलेंडरखाली आधीच मांडून ठेवा आणि १ तारखेला गवत द्या. मग जनावरं, मेंढपाळ, योसेफ आणि मरिया, आणि बाळ येशू २४ तारखेला. बाळाची आकृती सगळ्यात छोटी असते आणि हमखास हरवते, म्हणून ती खरेदीच्या दिवशीच वेगळ्या पाकिटात घालून २४ चा आकडा चिकटवून टाका.

जिगसॉ कोडं. ४८ तुकड्यांचं कोडं रोज दोन तुकडे या हिशेबाने बरोबर चोवीस दिवस पुरतं. ते मुख्य भेटीसोबत जोड म्हणून द्या, एकटं देऊ नका. तुकडे डोळे मिटून वाटले तर दहा दिवस काहीच जुळत नाही आणि मुलाचा नाद सुटतो. असं करा:

१. कोडं पुठ्ठ्यावर पूर्ण जोडा. एखादा तुकडा कमी असेल तर तो आत्ताच कळतो.
२. वर दुसरा पुठ्ठा ठेवा, दोन्ही घट्ट धरून उलटं करा आणि वरचा पुठ्ठा काढा.
३. एका कोपऱ्यापासून सुरुवात करून तुकड्यांच्या पाठीवर पेन्सिलीने तारखा लिहा. प्रत्येक दिवसाचा किमान एक तुकडा आदल्या दिवसांपर्यंत जोडलेल्या भागाला लागूनच हवा.
४. चेहरा किंवा मुख्य चित्र शेवटच्या पाच-सहा दिवसांत येईल अशा कोपऱ्यापासून सुरुवात केली तर उत्तम.
५. मोडून दोन-दोन तुकडे छोट्या पिशव्यांत भरा.

जोडलेला भाग ठेवायला एक ट्रे किंवा मोठा पुठ्ठा राखून ठेवा. रोज उचलून ठेवावं लागणारं कोडं तिसऱ्या दिवशी सांडतं.

जोडायचे ठोकळे. ४ वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी. संच आधी स्वतः पुस्तिकेप्रमाणे पूर्ण बांधा. मग पुस्तिकेतल्या पायऱ्यांचे आठ भाग पाडा आणि शेवटच्या पायरीपासून उलटं सोडवत या. आधी सुटतील ते तुकडे शेवटच्या दिवसाच्या पिशवीत, सगळ्यात शेवटी उरतील ते पहिल्या दिवसाच्या. या पद्धतीत एकही तुकडा चुकीच्या पिशवीत जात नाही. पिशवीत त्या दिवसाच्या पायऱ्यांची छायाप्रत ठेवा. संचासोबत येणारे जादा तुकडे आत्ता वाटू नका, कोणत्या दिवशी काय हरवेल सांगता येत नाही.

## टप्पा ६: चिठ्ठ्या लिहा

चिठ्ठी म्हणजे मुलाला दिलेला शब्द. ती त्या दिवशी पाळता आली नाही तर रिकामा कप्पा परवडला. म्हणून प्रत्येक चिठ्ठी लिहिताना तीन गोष्टी तपासा.

*वेळ.* शाळेच्या दिवशी वीस मिनिटांत संपेल असंच लिहा: चादरीचा तंबू, टॉर्च लावून भिंतीवर सावल्या, आजीला फोन करून गाणं म्हणून दाखवणं, अंधारात कंदील लावून गोष्ट. कणीक मळून कुकी करणं, ट्री सजवणं, भेटकार्डं बनवणं हे सगळं शनिवार-रविवारी.

*सामान.* चिठ्ठीत जे लागतं ते घरात आहे का? कागदी साखळीची चिठ्ठी असेल तर साधारण २ × १८ सेंमीच्या तीस-चाळीस पट्ट्या आधीच कापून, गोंदाच्या कांडीसकट एका पिशवीत ठेवा. तक्त्यातला तो शेवटचा रकाना आता भरा.

*हवामान आणि इतर माणसं.* बाहेर जाण्यावर किंवा कोणाच्या येण्यावर अवलंबून असलेली चिठ्ठी एका ठरावीक तारखेला बांधू नका. अशा दोन चिठ्ठ्या वेगळ्या ठेवा आणि जमेल त्याच्या आदल्या रात्री आत सरकवा.

वाचता न येणाऱ्या मुलासाठी चिठ्ठीवर एक साधं चित्र काढा: तंबू, फोन, कात्री. चित्र ओबडधोबड असलं तरी चालतं, पण ते हवं. मूल स्वतः चिठ्ठी ‘वाचून’ दाखवतं आणि त्यातच निम्मी मजा असते. वाचायला लागलेल्या मुलासाठी तीन-चार शब्द, मोठ्या सुट्या अक्षरांत.

दोन प्रकारच्या चिठ्ठ्या घालूच नयेत. एक, घरकामाला भेटीचा मुलामा: ‘खेळणी आवरून ठेव’. दुसरी, अट: ‘दिवसभर शहाण्यासारखं वागलास तर…’. मुलाने कप्पा उघडला आहे, त्याला जे मिळायचं ते मिळालंच पाहिजे.

## टप्पा ७: क्रम लावा

चोवीस आकड्यांच्या चिठ्ठ्या जमिनीवर मांडा, आठवड्याची एक ओळ. वस्तू अजून आणल्या नसतील तर त्यांची नावं लिहिलेले कागद ठेवा. मग या क्रमाने ठेवत चला:

१. फुलीच्या दिवसांपासून सुरुवात. तिथे एकट्याने खेळता येणाऱ्या वस्तू किंवा खाऊ ठेवा.
२. शनिवार-रविवारी वेळ खाणाऱ्या चिठ्ठ्या.
३. जोड्या लावा. खडू आधी, चित्र नंतर. साचा आधी, कुकीची चिठ्ठी नंतर. ट्रीवर टांगायची वस्तू ट्री सजवायच्या दिवशी किंवा त्याआधी.
४. महिनाभर वापरायच्या वस्तू पहिल्या आठवड्यात. नाताळाचे मोजे २३ तारखेला निघाले तर ते दोनच दिवस घातले जातात.
५. संचाचे भाग उरलेल्या जागांत, दोन भागांमध्ये तीन दिवसांपेक्षा जास्त खंड न पाडता.
६. खाऊ सगळ्यात शेवटी, भोकं बुजवायला.

आता एकदा चढ-उतार पाहा. १ तारखेला लगेच खेळता येईल अशी ठसठशीत वस्तू हवी, कारण हा खेळ काय आहे हे मुलाला त्या दिवशी समजतं. पहिल्या चार दिवसांतच सगळ्या भारी वस्तू संपवणं ही सर्रास होणारी चूक. नवलाई साधारण ९ ते १४ तारखांच्या सुमारास ओसरते, म्हणून दुसऱ्या क्रमांकाची आवडती वस्तू १० किंवा ११ ला ठेवा. २४ तारखेला मात्र मोठं काही नको. त्यानंतर खऱ्या भेटी येतातच, आणि मूल आधीच भारावलेलं असतं. त्या रात्री उपयोगी पडेल असं काहीतरी द्या: झोपताना वाचायची गोष्ट किंवा नवे रात्रीचे कपडे. कप्प्यात मावत नसेल तर चित्राची चिठ्ठी ठेवा: उशी काढलेली, म्हणजे उशीखाली बघ.

तपासा: नुसती चिठ्ठी लागोपाठ दोन दिवस आली आहे का? एखाद्या आठवड्यात तीन वेळा खाऊ आला आहे का? तेव्हाच बदला. मांडणी पक्की झाली की वरून एक फोटो काढून ठेवा.

दोन मुलं आणि एकच कॅलेंडर असेल तर विषम तारखा एकाला, सम तारखा दुसऱ्याला ही वाटणी बारा-बारा दिवसांची होते, पण १ तारीख एकाकडे आणि २४ दुसऱ्याकडे जाते. दोन्ही दिवशी दोघांसाठी काहीतरी ठेवा आणि मधल्या बावीस तारखा आलटूनपालटून द्या. संचाचे भाग मात्र दोघांचे मिळून ठेवू नका.

## टप्पा ८: खरेदी, गुंडाळणं, भरणं

आता यादी घेऊन बाहेर पडा. यादीत नसलेलं काही आवडलं तर ते कोणत्या तारखेची जागा घेणार हे दुकानातच ठरवा. दोन-तीन वस्तू राखीव म्हणून जास्त घ्या, त्या चपट्या आणि कुठल्याही कप्प्यात जाणाऱ्या असाव्यात. स्टिकरची पानं यासाठी फार उपयोगी.

प्रत्येक वस्तूवर, म्हणजे थेट वस्तूवर किंवा तिच्या टिश्यूवर, तारखेचा स्टिकर लावा. कप्प्यातून काही पडलं तर ते कुठलं हे ओळखायला हाच एक मार्ग आहे. ६ आणि ९ च्या खाली रेघ ओढा, कारण गोल स्टिकर उलटा फिरतो. १२ आणि २१ ची अदलाबदलही नेहमीची.

गुंडाळताना टेप कमी, पीळ जास्त. तीन वर्षांच्या मुलाला टिश्यूचं पिळलेलं टोक उघडता येतं, चारही बाजूंनी चिकटवलेलं पुडकं येत नाही. खुळखुळणाऱ्या वस्तूला टिश्यूचे दोन थर द्या. साबणाच्या फुग्यांची बाटली झिपच्या पिशवीत घालून उभीच ठेवा.

चॉकलेट ३० अंशांच्या पुढे मऊ पडू लागतं, म्हणून ते हीटर, दिवा किंवा उन्हाच्या भिंतीपासून दूर ठेवा. वासाचं खोडरबर किंवा साबण त्याच पिशवीत ठेवलात तर चॉकलेटला तो वास लागतो. बिस्किटं उघडी ठेवली की सादळतात. कापडी खिशात उघडा खाऊ घालू नका, तेलाचा डाग पुढच्या वर्षीही दिसतो.

आता भरणं. चोवीसही कप्पे एकदम भरू नका. चार मोठ्या पिशव्यांत १–७, ८–१४, १५–२१ आणि २२–२४ अशा वस्तू घाला, पिशव्या मुलाच्या नजरेआड ठेवा, आणि ३० नोव्हेंबरच्या रात्री पहिलीच पिशवी कॅलेंडरमध्ये रिकामी करा. पुढच्या पिशव्या ७, १४ आणि २१ तारखेच्या रात्री. यामुळे वजन आटोक्यात राहतं, खाऊ ताजा राहतो, डोकावून पाहणाऱ्याला फार काही सापडत नाही, आणि आजारपण किंवा बदललेला बेत आला तर पुढचा आठवडा सहज हलवता येतो. बाकीचे कप्पे रिकामे दिसू नयेत म्हणून त्यांत टिश्यूचा बोळा घाला.

कॅलेंडर आदल्या रात्री पूर्ण भरल्याच्या वजनाने टांगून पाहा. त्यासाठी प्रत्येक कप्प्यात काहीही सारख्या वजनाचं घातलं तरी चालेल. सकाळी वरची कड वाकली असेल तर मागे एक लाकडी पट्टी घाला. जड वस्तूंना खालच्या ओळीतले कप्पे द्या.

आकडे उलटसुलट लावलेलं कॅलेंडर दिसायला गंमतीशीर असतं, पण ४ वर्षांखालच्या मुलासाठी आकडे ओळीनेच ठेवा. १७ शोधता शोधता ते तीन वेगळे कप्पे उघडून बसतं.

## टप्पा ९: रोजचा शिरस्ता

उघडण्याची एकच वेळ ठरवा आणि ती पाळा. सकाळी शाळेची घाई असेल तर संध्याकाळची वेळ बरी. सकाळी निघालेलं खेळणं टाकून शाळेत जायला कुठलंच मूल राजी नसतं.

रोज रात्री, मूल झोपल्यावर, अर्धा मिनिट द्या: उद्याच्या कप्प्यात हात घालून वस्तू आहे ना ते पाहा आणि तक्त्यात उद्याचं सामान वाचा. गोंद संपल्याचं रात्री कळलं तर मार्ग निघतो.

## मध्येच बिघडलं तर

मुलाने एका दमात सगळा आठवडा उघडला. रागावून वस्तू काढून घेऊ नका. ज्याला हात लागला ते त्याचं. राखीव वस्तू आणि वेगळ्या ठेवलेल्या चिठ्ठ्यांनी ते दिवस भरा आणि यापुढे रोज रात्री एकच कप्पा भरा.

मूल आजारी पडलं. त्या दिवसाची धावपळीची चिठ्ठी काढा आणि पुढच्या आठवड्याच्या पिशवीतून शांत काहीतरी आणा. तक्त्यात दोन्ही तारखा लगेच बदला, नाहीतर चार दिवसांनी एकाच कप्प्याच्या दोन वस्तू होतात.

प्रवास आला. तेवढ्या दिवसांच्या वस्तू आकड्यांसकट एका छोट्या बटव्यात घ्या. द्रव, माती आणि जिगसॉचे तुकडे घरीच ठेवा. परत आल्यावर कोड्याचे राहिलेले तुकडे एकदम दिले तरी मूल खूशच असतं.

वस्तू निघाली आणि मुलाने तोंड वाकडं केलं. त्याची समजूत घालत बसू नका आणि लगेच बदलूनही देऊ नका. बदलून मिळतं हे एकदा कळलं, की उरलेले सगळे दिवस घासाघीस चालते. वस्तू समोर ठेवून तुम्हीच तिच्याशी खेळायला बसा.

एखादा भाग तुटकाच निघाला. हे मात्र लगेच बदला. ठोकळ्यांचे जादा तुकडे आणि राखीव स्टिकर यासाठीच बाजूला ठेवले आहेत.